उलटे पाढे

पावकी-निमकी तोंडपाठ असलेल्या माणसाला केनकेन हे आकड्यांचं कोडं चुटकीसरशी यायला पाहिजे, असं कोणालाही वाटेल. तसं होत नाही. आमचे आबाजी एकोणतिसाचा पाढा न अडखळता म्हणतात, कापसाच्या काट्यावर कटती धरून व्यापाऱ्याच्या आधी रक्कम सांगतात. भाचीने मोबाइलवरचं सहा बाय सहाचं कोडं वहीत उतरवून पुढ्यात ठेवलं, तर म्हणाले, "याले गणित म्हन्तेत काय बे?"

म्हणतात. प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत 1 ते 6 एकेकदाच. जाड रेघेने घेरलेल्या घरांना आमच्या घरी वाडा हे नाव पडलंय. वाड्याच्या कोपऱ्यात एक संख्या आणि बेरीज-वजाबाकीसारखं एक चिन्ह, त्या चिन्हाने आतल्या अंकांची तेवढी संख्या जुळवायची. हे कोडं 2004 साली जपानमधल्या योकोहामाच्या तेत्सुया मियामोतो या मास्तरांनी विद्यार्थ्यांसाठी काढलं. न शिकवता शिकवायचं, ही त्यांची पद्धत: कोडी वाटायची आणि पोरांना झगडू द्यायचं. आमच्या गावात कोणी असं केलं तर दुसऱ्याच दिवशी शाळा समितीची बैठक लागेल.

आबाजी अडले ते पाढ्यांच्या दिशेमुळे. सहा चोक किती, हे झोपेतही सांगता येतं. इथे 24 आधीच समोर असतात आणि ते कोणाकोणाचे, हे शोधायचं असतं. दोन घरांत गुणाकार 24, तर 4 आणि 6च. 20 असेल तर 4 आणि 5. पण 12 आले की 2-6 आणि 3-4 अशा दोन वाटा फुटतात, तिथे थांबायचं. गुणाकाराच्या शेवटी 0 किंवा 5 असेल तर वाड्यात 5 बसलाच आहे, डोळे मिटून धरा. आणि एका ओळीतल्या दोन घरांची बेरीज 11 असेल, तर कोणत्या घरात 5 नि कोणत्यात 6 हे कळो न कळो, त्या ओळीत इतरांना ते अंक मिळायचे नाहीत.

मला सगळ्यात आवडतो तो 21चा हिशेब. 1 ते 6ची बेरीज 21, म्हणजे प्रत्येक ओळीचीही तेवढीच. समजा वरच्या ओळीत तीन घरांची बेरीज 9, पुढच्या दोघांची 8, आणि उरलेलं सहावं घर खालच्या ओळीतल्या घराशी जोडलेलं, त्यांचे मिळून 7. एकूण झाले 24. ओळीचे तर 21च. मग जास्तीचे 3 धुऱ्यापलीकडच्या वावरातले! खाली 3, वर 4. बाकी पाच घरांतलं एकही अजून ठाऊक नाही, तरी ही दोन पक्की. हे समजलं तेव्हा आबाजींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा 24 मोजून पाहिले. धुऱ्याचा मामला त्यांना मास्तरांपेक्षा चांगला कळतो.

एक जागा मात्र फसवी. काटकोनात वळलेल्या तीन घरांची बेरीज 6 दिसली की हात आपोआप 1-2-3 लिहायला जातो. पण दोन्ही टोकांना 1 आणि कोपऱ्यात 4 हेही चालतं. मनाई ओळीत आहे, वाड्यात नाही.

अंदाजाने अंक ठोकणाऱ्यांशी माझं जमत नाही. भाचीच्या मोबाइलमध्ये मदतीचं बटण आहे, ती ते इतकं दाबते की कोडं सोडवतं कोण हा प्रश्नच आहे. "मामा, टाइम वाचते ना!" वाचवून करायचं काय, तर पुढचं कोडं.

वजाबाकीचे वाडे शक्यतो मागे ठेवावेत. वजा 5 असेल तर ठीक, 1 आणि 6च. वजा 1ला मात्र पाच जोड्या आहेत आणि सगळ्या सारख्याच साळसूद. आबाजींना हे कोणी सांगावं लागलं नाही. वजा 1 दिसलं की ते वही भाचीकडे सरकवतात, पेपर ओढतात आणि तुरीचा भाव पाहतात.