आमची वाटचाल : जुन्या पिस्तुलांच्या पेट्या

सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या दुकानात आजोबांच्या वेळी पाट, चौरंग आणि देवघरं व्हायची. वडिलांनी कपाटं केली, सोफे केले. मी त्याच रंध्यावर जुन्या रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांच्या पेट्या करतो. नवा माणूस आत येऊन हळूच विचारतो, "लायसनचं काय करता?" म्हणून आधीच सांगतो : आम्ही हत्यार विकत नाही, दुरुस्त करत नाही, ठेवूनही घेत नाही.

सुरुवात एका डॉक्टरसाहेबांमुळे झाली. त्यांच्याकडे वडिलोपार्जित, परवान्यावरचं वेब्ली रिव्हॉल्व्हर होतं, मार्क सहा. ब्रिटिश फौजेनं १९१५ साली घेतलेलं हे मॉडेल, लांबी सव्वाअकरा इंच, वजन किलोच्या वर. "ह्याला एक घर करून द्या," म्हणाले. आम्ही हौसेनं आतून चामडं लावलं. झकास दिसत होतं! पावसाळा सरल्यावर साहेब पेटी घेऊन आले. चामडं जिथं टेकलं होतं तिथं नळीवर तांबूस पुळ्या उठलेल्या. साहेब काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. चामडं ओल धरतं, त्यातले क्षार लोखंडाला खातात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पैसे परत केले. त्याच पैशात त्यांनी दुसरी पेटी सांगितली.

मग जुन्या पेट्या बघायचा नाद लागला. विलायती पेटीत सरळ पट्ट्यांचे कप्पे आणि हिरवं लोकरी अस्तर. फ्रेंच पेटीत हत्याराच्या आकाराची खाच. बंदुकीच्या दारूची कुपी, गोळ्या ओतायचा साचा, बार पेटवणाऱ्या टोप्यांची डबी, पेचकस, सगळ्याला आपापली जागा. विलायतेत ओकही वापरत. पण ओकमधून आम्लाची वाफ सुटते, जुन्या शिशाच्या गोळ्यांवर पांढरी भुकटी धरते ती त्यानंच. आम्ही सागवान घेतो, तेही पाडल्या गेलेल्या जुन्या वाड्यांचं. सोलापूरच्या उन्हात नवं लाकूड आटतं, मुंबईला गेलं की फुगतं, झाकण अडकतं. वाड्याची तुळई हे सगळं आधीच सोसून बसलेली असते. अस्तर इथल्याच मागावरचं सुती, दोन पाण्यांतून खळ काढलेलं. ते डिंकानं चिकटवत नाही, टाके घालतो.

माप घेताना हत्यार मालकाच्या हातात, आम्ही फक्त कागदावर रेघ मारतो. एकदा हैदराबादचे एक गृहस्थ कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हर घेऊन आले, १८५१ चं मॉडेल. आमच्या मिस्त्रींनी भिंग लावलं आणि ओरडलेच, "अहो, ह्याच्यावर जहाजं आहेत!" खरंच होती. त्या मॉडेलच्या फिरत्या नळकांड्यावर टेक्सासच्या आरमाराची १६ मे १८४३ ची लढाई उमटवलेली असते. त्या दिवशी दुसरं काम झालं नाही.

एक गैरसमज रोज खोडावा लागतो. "शंभर वर्षांचं आहे, परवाना कशाला?" शंभर वर्षांची अट १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातली. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली सूट आहे ती जुन्या धाटणीच्या किंवा मोडक्या आणि दुरुस्त करूनही चालणार नाही अशा हत्याराला. चालतं की नाही, हे घरी बसून ठरवू नका, पोलिसांना विचारा.

झाकणात आम्ही कागदांचा एक खण देतो. सोलापुरातलं दर दुसरं वेब्ली म्हणे इंग्रजांनी १९३० साली शहरात लावलेल्या मार्शल लॉमधलं असतं! असेलही. पण खणात आधी परवाना आणि जुनी पावती, जागा उरली तर गोष्ट.

महिन्याला दोन पेट्या होतात. लगीनसराईत एकही नाही, कारण तेव्हा मिस्त्री कपाटांत अडकलेले असतात आणि पोट अजून कपाटांवरच भरतं. पेटी हवी असेल तर आषाढात सांगा.