दार लोटून घेतलं

मूत्रपिंड द्यायला आलेल्या नातेवाइकाशी बोलणं हा माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग. शरीराच्या तपासण्या डॉक्टर करतात. माणूस मनापासून तयार आहे का, हे मला बघायचं असतं. बरेच जण समजतात, सोशल वर्कर म्हणजे बिल कमी करून देणारी बाई. तेही करतेच. पण निर्मला निकेतन कॉलेजात एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करताना आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्कला असायचे, तिथे आधी गप्प बसून ऐकायला शिकले.

त्या मंगळवारी तिशीतली एक बाई आली, भावाला किडनी द्यायला. तो दीड वर्षं डायलिसिसवर, आठवड्यातून तीनदा. सोबत आई, वहिनी, मामा. फाइल चोख, रक्तगट जुळलेला. 1994च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने बहीण जवळची नातलग, म्हणजे तीही अडचण नाही. "तिची काही हरकत नाही," मामाच म्हणाले. ती मान डोलवत होती.

त्याच कायद्याच्या 2014च्या नियमांत लिहिलंय, दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्या, तिची स्वतंत्र संमती रुग्ण सोडून दुसऱ्या कुणीतरी पडताळा. मी सगळ्यांना बाहेर बसायला सांगितलं. वहिनी उठेनात. "आमच्यात लपवायचं काय, मॅडम?" शेवटी उठल्या. मी दार लोटून घेतलं.

किडनीचा विषय मी काढलाच नाही. मुलं कितवीला, घाटकोपरहून इथवर कशी आलात, एवढंच. मग विचारलं, "ऑपरेशननंतर घरी कोण बघेल?"

"ह्यांना ठाऊक नाही. रक्त द्यायचंय म्हणून सांगितलंय."

बराच वेळ आम्ही दोघी गप्प होतो. मग म्हणाली, "दादा जगायला हवा. पण मला फार भीती वाटते. नाही म्हटलं तर आई दारात उभी करणार नाही."

मी तिला सांगितलं, ऑपरेशन टेबलावर गेल्यावरही नाही म्हणता येतं, आणि इथलं बोलणं घरच्यांपर्यंत जाणार नाही. डॉक्टरांशी बोलले. घरच्यांना एवढंच कळवलं की, त्या दाता म्हणून योग्य नाहीत. ते खोटं नव्हतं. मनातून तयार नसलेला माणूस दाता होऊच शकत नाही. वहिनी भिंतीला टेकून रडल्या. त्यांच्याजवळ तासभर बसले, मृत दात्याच्या प्रतीक्षायादीत नाव कसं नोंदवायचं ते समजावलं.

गुरुवारी डायलिसिसच्या खाटेजवळ गेले. भाऊ हळूच म्हणाला, "बरं झालं, मॅडम. तिची नको, असं मी कधीचा सांगत होतो. कुणी ऐकलं नाही."

त्याच्याशी मी तोवर एकदाही एकट्याने बोलले नव्हते.