तुम्ही विचारलंत म्हणून: आपले ड्रॅगन कुठे गेले?

मी मुलांसाठी अद्भुतकथा लिहिते. नागपुरात आणि आसपासच्या गावांत, शाळांमध्ये किंवा वाचनालयांत त्या वाचून दाखवायला जाते, तेव्हा गोष्ट संपल्यावर एक प्रश्न हमखास येतो : आपल्याकडे ड्रॅगन का नाहीत? मुले तो कुतूहलाने विचारतात. पालक विचारतात तेव्हा त्यात थोडी तक्रार असते. इतरांच्या वाट्याला पंखांचे, आग ओकणारे प्राणी आले आणि आपल्या वाट्याला नुसते मिशाळ राक्षस, अशी. क्वचित दुसऱ्या टोकाचे गृहस्थही भेटतात, ज्यांना ड्रॅगनसुद्धा मुळात आपलाच होता असे माझ्या तोंडून वदवून घ्यायचे असते. चहाचा कप हातात धरून या दोन्ही पक्षांना पुरेल असे उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

यातली पहिली गंमत अशी की दोन हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या रोमन माणसाला हा प्रश्न विचारला असता, तर तो बुचकळ्यात पडला असता, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे ड्रॅगनांचा देश भारतच होता. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहितो की सर्वांत मोठे हत्ती भारतात होतात आणि त्यांच्याशी कायमचे वैर धरणारे ड्रॅगनही तिथेच होतात. ड्रॅगन हत्तीला विळखा घालून मारतो आणि कोसळणारा हत्ती आपल्या वजनाखाली त्यालाही चिरडतो. तिसऱ्या शतकातला ग्रीक लेखक फिलोस्ट्रेटस तर भारतात ड्रॅगनांचा सुळसुळाट असल्याचे सांगतो. दलदलीतले वेगळे, सपाटीवरचे वेगळे, डोंगरातले वेगळे. शिकारी सोनेरी अक्षरे विणलेले लाल कापड बिळापुढे अंथरून त्यांना मंत्राने झोपवतात आणि मग कुऱ्हाडीने मुंडके तोडतात, असे त्याने रंगवून लिहिले आहे. या लेखकांचा ड्रॅगन म्हणजे बिनपंखांचा अवाढव्य साप, हे ध्यानात ठेवले पाहिजे. एकशिंगी घोड्यासारखा प्राणी आणि सोने उकरणाऱ्या मुंग्या यांचीही सोय ग्रीकांनी आपल्याच देशात लावली होती. अद्भुत प्राणी नेहमी दुसऱ्यांच्या मुलखात राहतात. घरातले अद्भुत डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही, आणि माझ्या मते आपल्या प्राण्यांचे नेमके तेच झाले आहे.

ते गेले कुठेच नाहीत. आपण त्यांना कामाला लावले.

उंबरठ्यापासून सुरुवात करू. विदर्भातल्या कोणत्याही जुन्या हेमाडपंती देवळात गाभाऱ्यापाशी खाली वाकून पाहावे. बटबटीत डोळे, वर वळलेली शिंगे, फेंदारलेले नाक, वरच्या दातांची रांग आणि खालचा जबडा गायब, असा एक चेहरा दगडात कोरलेला दिसतो. हा कीर्तिमुख. त्याची कथा पुराणात येते ती अशी : जालंधर नावाच्या असुराने राहूला दूत म्हणून शंकराकडे पाठवले आणि पार्वतीचीच मागणी केली. शंकराच्या क्रोधातून सिंहाच्या तोंडाचा, हाडकुळा, भुकेने वखवखलेला एक प्राणी निर्माण झाला आणि राहूला गिळायला धावला. राहू शरण आल्यावर शंकराने त्याला अभय दिले. आता त्या प्राण्याने खायचे काय? शंकर म्हणाला, स्वतःलाच खा. त्याने पायांपासून सुरुवात केली आणि केवळ तोंड उरेपर्यंत तो स्वतःला खात गेला. शंकर प्रसन्न झाला, त्याने त्याला नाव दिले आणि आपल्या दारावर नेमले. कथा क्रूर आहे आणि मुलांना सांगताना मी ती मऊ करत नाही, कारण तिच्यातले तर्कशास्त्र मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर पटते : ज्याला जन्माला घातले त्याची भूक मिटवायची जबाबदारी जन्म देणाऱ्यावर येते, आणि ती टाळली तर निदान नोकरी तरी द्यावी लागते.

मकराचेही तसेच. मगरीचे धड, हत्तीची सोंड आणि माशाची शेपटी असलेला हा जलचर कोणत्याही युरोपीय ड्रॅगनच्या तोडीस तोड आहे; पण तो गंगेचे वाहन झाला, देवळाच्या पन्हाळीचे तोंड झाला, तोरणाची दोन टोके झाला, आणि विठोबाच्या कानात कुंडल होऊन लटकला. ती मकरकुंडले अभंगात रोज गाणाऱ्यांपैकी कितीजणांच्या डोळ्यांसमोर समुद्रातला तो भयंकर प्राणी उभा राहत असेल, याची मला शंका आहे. व्याल आणि शरभ हे सिंहासारखे काल्पनिक प्राणी आणि दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी यांना खांबांवर आणि किल्ल्यांच्या दरवाजांवर पहारा मिळाला. चंद्रपूरच्या परकोटाच्या वेशींवर हत्तीला पायाखाली घेतलेला सिंह कोरला आहे, ते गोंड राजांचे राजचिन्ह. प्लिनीच्या ड्रॅगन-हत्ती वैराशी त्याचा काही संबंध नाही. तरी वेशीखालून जाताना मला प्लिनी आठवतो हे खरे.

आता यावर रास्त आक्षेप असा की आपल्याकडेही प्राणी मारले गेलेच. ऋग्वेदातला वृत्र हा तर नखशिखांत ड्रॅगन आहे. तो पर्वतावर वेटोळे घालून पाणी अडवून बसलेला सर्प, इंद्राने त्याला वज्राने मारले आणि नद्या मोकळ्या केल्या. इराणी परंपरेतला तीन तोंडांचा अझी दहाक, ग्रीकांचा टायफन आणि हा वृत्र एका कुळातले वाटावेत इतके त्यांच्या कथांचे सांगाडे मिळतेजुळते आहेत. परंतु आपण ती कथा तिथे संपू दिली नाही. पुढच्या काळातल्या कथांत वृत्र त्वष्ट्याचा पुत्र, म्हणजे ब्राह्मण ठरतो, त्याला मारल्याची ब्रह्महत्या इंद्राच्या मागे लागते आणि देवांचा राजा कमळाच्या देठात लपून बसतो. ड्रॅगन मारणाऱ्या सेंट जॉर्जला असा पश्चात्ताप झाल्याचे कुठे वाचलेले नाही. कालियाला तर कृष्णाने मारलेच नाही. समुद्रातल्या रमणक द्वीपावर त्याची बदली केली, आणि गरुडाने त्रास देऊ नये म्हणून आपल्या पावलांचे ठसे त्याच्या फण्यावर ओळखपत्रासारखे ठेवले.

माझा सर्वांत आवडता मात्र अघासुर. भागवतात तो योजनभर लांब अजगर होऊन वाटेत पडतो, खालचा ओठ जमिनीवर आणि वरचा ढगांत. गोपाळांची पोरे त्याच्यासमोर उभी राहून चर्चा करतात की ही गुहा अगदी सापाच्या तोंडासारखी दिसते, नाही? हे सुळके दातांसारखे, ही वाट जिभेसारखी, आतून येणारा हा गरम वारा श्वासासारखा. आणि हसत, टाळ्या पिटत, वासरांसह आत शिरतात. भयकथेत इतके सुंदर पाऊल मी दुसरीकडे वाचलेले नाही. कृष्ण आत जाऊन मोठा होतो, अजगराचा श्वास कोंडतो, तो मरतो. पण त्यानंतरचा एक श्लोक बहुतेक कीर्तनकार गाळतात : त्या अजगराचे वाळलेले कातडे पुढे कितीतरी काळ व्रजातल्या लोकांना खेळायला गुहा म्हणून उपयोगी पडले. मेलेल्या राक्षसाचेसुद्धा आपण मुलांचे खेळघर केले.

ड्रॅगनांच्या कथा जमिनीतल्या हाडांवरून सुचल्या, असेही काही अभ्यासक मांडतात. ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्ट शहरातल्या सोळाव्या शतकातल्या ड्रॅगनच्या पुतळ्याचे डोके तिथे सापडलेल्या लोकरी गेंड्याच्या कवटीवरून घडवल्याचे सांगतात. हाडांची कमतरता आपल्याला नव्हती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला टायटॅनोसॉर या अवाढव्य डायनॉसॉरची हाडे मिळाली आणि 1879 मध्ये त्यांवरून एका प्रजातीला नावही दिले गेले. तिथल्याच अश्मीभूत विष्ठेत 2005 मध्ये गवताचे सूक्ष्म अंश सापडले आणि डायनॉसॉरांच्या काळात गवत होते हे त्यावरून कळले. पण हाड दिसले की राक्षस सुचतोच असे नाही, हे शाळिग्रामावरून दिसते. शाळिग्राम हा अमोनाइट नावाच्या समुद्री जीवाचा जीवाश्म. गंडकीच्या पात्रात मिळणाऱ्या काळ्या दगडात त्याचे वळसे उमटलेले असतात. इंग्लंडमधल्या व्हिटबीला असेच अमोनाइट मिळतात. तिथे लोकांनी ते सेंट हिल्डाने दगड करून टाकलेले साप मानले, आणि विक्रेते त्यावर सापाचे डोके कोरून विकत. आपण त्या वळशांत विष्णूचे चक्र पाहिले. त्याला तुळस वाहिली आणि रोज अंघोळ घालून देवघरात बसवले.

आणि नागपूरकराला हे सगळे पुस्तकातून शोधायचे कारणच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारीत उभे राहावे. 1880 च्या दशकापासून चालत आलेली काळी आणि पिवळी मारबत, बांबू-कागदाच्या त्या अवाढव्य बाया, गर्दीतून डुलत येतात, नेहरू पुतळ्यापाशी त्यांची गाठ पडते आणि गल्लीगल्लीतून ओरड उठते, ‘‘ईडा-पीडा, रोगराई घेऊन जाय गे मारबत!’’ मागून बडगे, म्हणजे पुतळे असतात, महागाईचा, भ्रष्टाचाराचा, त्या वर्षी जो कोणी डोक्यात गेला असेल त्याचा. काहीजण मारबतीला पूतना मानतात. जाळायच्या आधी तिची पूजा होते, ही बाब बाहेरगावच्या पाहुण्याला समजावून सांगताना माझी नेहमी तारांबळ उडते : राक्षसीण खरी, पण गावाची घाण तीच उचलून नेणार, मग तिचा मान नको राखायला?

रामटेकच्या गडावर पाचव्या शतकातले, वाकाटकांच्या काळातले दोन नरसिंह आहेत, केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह. कॅलेंडरवरचा, मांडीवर हिरण्यकश्यपू फाडणारा नरसिंह डोक्यात ठेवून गेलेली मुले तिथे हिरमुसतात, कारण हा एक गुडघा वर घेऊन, हाताशी चक्र घेऊन, एकटाच ऐसपैस बसला आहे. कामठीच्या ड्रॅगन पॅलेस या बौद्ध मंदिरातही मुले आधी ड्रॅगन शोधतात आणि त्यांना भेटतो तो चंदनाचा बुद्ध. तिथे मी त्यांना सागर नावाच्या नागराजाच्या आठ वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगते, जिला सद्धर्मपुंडरीक सूत्रात सगळ्यांच्या देखत बुद्धत्व मिळते. बौद्ध ग्रंथ चीनमध्ये गेले तेव्हा आपल्या नागांच्या जागी तिकडचे ड्रॅगन आले, आणि जपानमध्ये ती ड्रॅगनराजाची मुलगी झाली.

हे आपलेच वैशिष्ट्य, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. चीनचा ड्रॅगन पाऊस पाडतो, वेल्सचा झेंड्यावर आहे, आणि युरोपातल्या कॅथेड्रलांच्या छपरांवरचे विक्राळ प्राणी आपल्या मकरासारखेच पन्हाळीचे काम करतात. फरक प्रमाणाचा आहे, पण तो गोष्ट लिहिणाऱ्याला जाणवण्याइतका मोठा आहे. मराठी गोष्टीत आयता ड्रॅगन आणला की सोबत किल्ला, खजिना आणि तलवारवाला शूर तरुणही येतो, आणि ड्रॅगन मेला की गोष्टीला पुढे जायला वाट राहत नाही. म्हणून मी तो आणत नाही. परका म्हणून नव्हे, बेकार म्हणून.

प्रश्न विचारणाऱ्या मुलांना मी हल्ली उलट विचारते की तुमच्या ड्रॅगनला काम काय देणार? काटोलकडच्या एका शाळेत एका मुलाने त्याला रानडुकरे हाकायला संत्र्याच्या बागेत ठेवले. आग ओकली तर झाडेच जळतील, हे त्याच्या शेजारच्याने दाखवून दिल्यावर त्याने आग काढून टाकली आणि तोंडातून पाणी सोडले, मग पाण्याला सोंड बरी म्हणून सोंड लावली. मकर त्याने कधी पाहिलेला नव्हता. ती गोष्ट मला लिहायची आहे, पण रानडुक्कर पाण्याला भीत नाही असे मागच्या बाकावरच्या मुलीने ठणकावून सांगितले आणि त्यावर अजून तोडगा सापडलेला नाही.