आमची वाटचाल: ठासणीच्या बंदुकीपासून थ्री-नॉट-थ्रीपर्यंत

आमचं दुकान बंदूक दुरुस्तीचं, कोल्हापूरकडचं. आजोबांनी सुरू केलं तेव्हा मेन काम म्हणजे घाट चढून येणाऱ्या शेती संरक्षणाच्या बंदुका, त्यात ठासणीच्याच जास्त, कारण कोकणात डुकरं-वानरं शेतीची वाट लावतात. शिवाय जुन्या घराण्यांच्या शिकारीच्या बारा बोअर असायच्या. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि ते शिकारीचं काम संपलंच म्हणा. वडिलांच्या काळात दुकान तरलं ते दसऱ्याच्या आधीच्या साफसफाईवर, आणि निवडणुकीत जमा केलेल्या बंदुका परत मिळाल्या की लोक तेलपाणी करायला आणायचे त्यावर.

बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीला हाताने दांडी मागे-पुढे करायची रायफल) मात्र आम्ही शिकलो थ्री-फिफ्टीनवर. मिलिटरीचा बोअर सिव्हिलियन माणसाला चालत नाही म्हणून बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी फॅक्टरीने ली-एनफिल्डच्याच (ब्रिटिश फौजेची .३०३ रायफल, म्हणजेच थ्री-नॉट-थ्री) अ‍ॅक्शनवर .३१५ ची स्पोर्टिंग रायफल काढली, ती महाराष्ट्रात बऱ्याच घरात आहे. ती खोलता-जोडता येऊ लागली की थ्री-नॉट-थ्री अनोळखी राहत नाही. त्यामुळे मी दुकानात बसायला लागल्यावर हॉलमध्ये, म्युझियममध्ये लावलेल्या जुन्या मिलिटरी रायफली यायला लागल्या, आणि आता आमची ओळख त्याच कामाची झालीय.

मागे एका शिक्षणसंस्थेची रायफल आली. ट्रस्टी स्वतः घेऊन आले, म्हणाले, "पहिल्या महायुद्धातली आहे, जरा चकाचक करून द्या." मी म्हटलं, "साहेब, आधी कागद दाखवा, मग रायफल वाचू, चकाचक करायचं नंतर बघू." ड्रिल पर्पजची, म्हणजे फक्त कवायतीची होती, डीपी मारलेलं, नळीला बाजूने आरपार भोक, म्हणजे उडवायचा प्रश्नच नाही आणि आम्ही तसलं काम घेतही नाही.

ली-एनफिल्ड वाचायची सुरुवात दस्ता जिथे लोखंडी सॉकेटमध्ये बसतो तिथून, उजव्या बाजूला. तिथे मुकुट, त्याखाली जीआर म्हणजे राजा जॉर्ज, मग बीएसए म्हणजे बर्मिंगहॅमची कंपनी, १९१७, आणि मॉडेल मार्क थ्री स्टार. म्हणजे बॉडी बर्मिंगहॅमची आणि खरंच पहिल्या महायुद्धातली, ट्रस्टी खूश. मग मी मागचं साईट उचललं. मार्क थ्रीच्या पट्टीवर आकडे २००० यार्डपर्यंत जातात, ही ८०० वरच संपत होती. ही पट्टी १९६२ च्या युद्धानंतर ईशापूरने ७.६२ मिमी बोअरमध्ये जी २ए१ रायफल काढली तिची, म्हणजे मीटरमधली. मॅगझिन पण तिचंच, चौकोनी पोटाचं, बारा गोळ्यांचं, थ्री-नॉट-थ्रीच्या दहाच्या जागी घुसवलेलं, हलवलं की खुळखुळ. नळी बघितली तर ईशापूरची, १९४३ ची. बोल्टच्या दांडीमागचा जुना नंबर काट मारून खोडलेला आणि बाजूला नवा ठोकलेला, तो बॉडीशी जुळतो. पुढच्या लाकडातून मॅगझिनच्या पुढे एक आडवा स्क्रू गेलेला, तो दिसला की ईशापूरचा हात लागलाय हे नक्की.

ट्रस्टींचा चेहरा पडला, "म्हणजे डुप्लिकेट?" अहो डुप्लिकेट कसली! डेपोतल्या गाड्यांचं होतं तसंच, नंबर एका गाडीचा, इंजिन दुसरीचं, गिअरबॉक्स तिसरीचा. नवी नळी, बोल्टचा बदललेला नंबर, आडवा स्क्रू, ही फॅक्टरीत पूर्ण दुरुस्ती झाल्याची खूण आहे, ते पार्ट त्या रायफलचेच झाले. साईटची पट्टी आणि मॅगझिन मात्र नंतर कुठल्यातरी स्टोअरमध्ये जे हाताला लागलं ते लावलेलं. हा फरक गिऱ्हाइकाला समजावणं हेच आमचं अर्धं काम, आणि मला विचाराल तर सगळे नंबर जुळणाऱ्या कोऱ्या रायफलपेक्षा अशीच जास्त बोलते.

कामात सगळ्यात जास्त सांभाळावं लागतं ते लाकूड. यात लोक एक चूक हमखास करतात, दस्ता आधी सोडवायला जातात. दस्त्यातून जो लांब बोल्ट येतो त्याचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या पत्र्यात अडकलेलं असतं, तो तसाच फिरवला की लाकूड मागून चिरतं. म्हणून आधी नोजकॅप (नळीच्या तोंडाशी असलेली लोखंडी टोपी), मग पट्टे, ट्रिगर गार्ड, मग पुढचं लाकूड खाली उतरवायचं, आणि दस्त्याला हात सगळ्यात शेवटी. स्क्रू जाम असतील तर दोन दिवस तेलात राहू द्यायचे, कारण एनफिल्डचे आटे बाजारातल्या स्क्रूला जुळत नाहीत, एक डोकं तुटलं की लेथवर बनवत बसा.

कुणीतरी लाकडावर चकचकीत व्हार्निश मारलेलं होतं. आमच्या सुतारमामांनी ते रिमूव्हरने काढलं. पॉलिश पेपर अजिबात नाही, लाकडातले ठसे त्याने जातात ते जातातच. पोचे होते तिथे ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली, वाफेने लाकूड फुगून बरेचसे वर आले. मग जवसाचं कच्चं तेल, हाताने, पातळ, रोज थोडं, आणि पावसाळा असल्याने ते वाळायला जाम वेळ लागला. लोखंडावरचा जुना काळा रंग ठेवला, फक्त गंज बारीक स्टील वूल आणि तेलाने काढला.

दहाचं मॅगझिन दुसऱ्या डीलरकडून रीतसर कागद करून मिळालं. साईटची पट्टी ट्रस्टींच्या सांगण्यावरून तशीच ठेवली आणि खाली कार्डावर कुठला पार्ट कुठला ते लिहून दिलं. हे कार्ड आता प्रत्येक कामाबरोबर जातं. त्याचे पैसे वेगळे घेतो, यावर घासाघीस होते, पण खरा वेळ त्यातच जातो.

सध्या टेबलावर .४१० ची मस्कट आहे, थ्री-नॉट-थ्री मोडून ईशापूरने पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी केलेली, आतून गुळगुळीत नळी, एका वेळी एकच काडतूस, मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा. यातला ठोकळा हरवलाय, सुतारमामा नवा तासतायत. कुणाकडे अशी रायफल असेल आणि फोटो पाठवणार असाल तर सॉकेटची उजवी बाजू, बोल्टच्या दांडीची मागची बाजू आणि नळीची मुळाशी असलेली डावी बाजू पाठवा, सोबत लायसन किंवा डीपीचा कागद. आणि पाठवायच्या आधी पुसू नका, धुळीत ठसे जास्त स्पष्ट दिसतात.