बारानंतरचा तिसरा अंक

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका देवळाच्या जत्रेत साउंड माझ्याकडे होता. नाटकाचा तिसरा अंक सुरू असताना मी माइक बंद केले. परवानगी रात्री बारापर्यंतची होती आणि बारा वाजले होते. घडले एवढेच, पण गावात त्यावर अजून बोलणे चालू आहे आणि माझ्याही डोक्यातून ते गेलेले नाही.

आधी नियम सांगतो, कारण देवळाच्या समितीतल्या बहुतेकांनी तो कधी वाचलेलाच नसतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १० ते १२ अशी सूट देऊ शकते. ते दिवसही आधी जाहीर व्हावे लागतात. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ही सूट मान्य केली, पण बारापुढे एक मिनिटही वाढवून दिले नाही. आवाजाची मर्यादाही आहे. उत्सवाच्या जागेच्या हद्दीवर परिसराच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतले जे कमी असेल ते. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५. म्हणजे रात्री दहानंतर देवळाच्या कुंपणावर आपल्या वाट्याला येतात ५५.

एवढ्यात नाटक ऐकू येते का, असे सगळे विचारतात. येते. पण त्यासाठी साउंड नीट लावावा लागतो, आणि आमच्या धंद्यात तेच होत नाही. रंगमंचाच्या दोन बाजूंना बॉक्सांच्या दोन उंच थप्प्या, वर माडाला बांधलेला कर्णा, सगळे सरळ समोर तोंड करून. ३० मीटरवरच्या शेवटच्या खुर्चीला ७५ डेसिबल पोचवायचे तर बॉक्ससमोर एका मीटरवर साधारण १०५ लागतात, कारण अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी होतात. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचे कान फाटतात आणि दीडशे मीटरवरच्या घरात ६० च्या वर आवाज जातो. हिवाळ्यात तर आणखी लांब. रात्री जमीन गार होते, वरची हवा उबदार राहते आणि आवाज वरून वाकून परत खाली येतो. शेताच्या पलीकडच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, संवाद कळतात ते याचमुळे.

मी चार लहान बॉक्स लावतो, प्रेक्षकांच्या मधोमध, दोन ओळींत. प्रत्येकाने फक्त आठ मीटर सांभाळायचे, म्हणजे एका मीटरवर ९३ पुरतात. बॉक्स माणसाच्या उंचीच्या वर बांधून तोंड खाली, खुर्च्यांकडे. मागची जोडी पुढच्यापेक्षा १२ मीटर मागे असेल तर तिला ३५ मिलिसेकंदांचा डिले, म्हणजे आवाज तेवढा उशिरा सोडायचा, वर आणखी दहा-बारा. तेवढे वरचे दिले नाहीत तर आवाज नटाकडून न येता डोक्यावरच्या बॉक्समधून आल्यासारखा वाटतो. १२० हर्ट्झच्या खालचे सगळे कापायचे. फळ्यांवरच्या पावलांची धडधड तिथेच असते आणि रात्री भिंतीतून आरपार जाते तीही तीच. मग मीटर घेऊन कुंपणावर जायचे. मीटर ‘ए’ वेटिंगवर (माणसाच्या कानासारखे मोजणारी सेटिंग), स्लोवर, छातीच्या उंचीला, आधी ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरवर तपासलेला. मोबाइलवरचे अॅप पुरावा म्हणून चालत नाही.

त्या रात्री हद्दीवर ५४ होते. आवाजाचा प्रश्न नव्हताच. प्रश्न वेळेचा होता.

पालखी आठला निघाली आणि पावणेदहाला देवळात परतली. त्यात कोणाचाही दोष नाही, दारोदार आरत्या होतात, ओटी भरतात. त्यानंतर देणगीदारांचे सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, फोटो, प्रत्येकाचे चार शब्द. पडदा उघडला १० वाजून ४० मिनिटांनी. तीन अंकी संगीत नाटकाला ८० मिनिटे उरली होती.

बाराला पाच मिनिटे असताना मी सचिवांना घड्याळ दाखवले. ते म्हणाले, “अर्द वर चलूं दी रे, आवाज ल्हान कर.” म्हणजे अर्धा तास चालू दे, आवाज लहान कर. एक वयस्क महाजन, म्हणजे देवळाचे वंशपरंपरेने हक्कदार, मागून म्हणाले, “देवाचें काम, कोण आडायतलो?” कोण अडवणार, असे. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला शंका नाही. पण बारापर्यंत आवाज किती हे पाहतात, बारानंतर यंत्र चालू आहे का एवढेच पाहतात. लहान आवाज असा प्रकार तिथे उरत नाही. परवानगीच्या अर्जावर समितीची सही होती. शिवाय शेतापलीकडच्या वाड्यावर फेस्ताच्या (चर्चच्या उत्सवाच्या) तियात्राचा, म्हणजे कोकणी नाटकाचा, साउंडही मीच करतो, आणि तिथे मी वेळेत बंद करतो. इथे देव आपला म्हणून नियम सैल करायचा, हे मला पटत नाही. बंदोबस्ताचा पोलीस तोंड फिरवून उभा होता. तक्रार कोणीच केली नव्हती. तक्रार येईपर्यंत कायदा नाहीच, ही सवय आम्हाला अशाच पोलिसांनी लावली आहे.

मी माइकचे चॅनल खाली घेतले. मागचे प्रेक्षक उठून रंगमंचाशी आले, पुढे जमिनीवर बसले. नट पुढच्या कडेला येऊन संथ, तोंड समोर ठेवून बोलू लागले. गावचीच पोरे, तालमी माइकशिवायच केलेली. संवाद पोचत होते.

मग ऑर्गनवादकाने विचारले, आम्ही वाजवायचे ना? नियमात ध्वनिक्षेपकाबरोबर ‘वाद्य’ही आहे. सूट आहे ती फक्त बंदिस्त जागेला. मी नाही म्हटले. तबलाही थांबला. नायिकेने शेवटची दोन पदे तशीच, साथीशिवाय म्हटली. ऑर्गनवादक नंतर बराच चिडून बोलला, आणि त्याचा मुद्दा मला खोडता आला नाही. सप्ताहात रात्रभर पखवाज-झांजा वाजतात तो सभामंडप तीन बाजूंनी उघडाच असतो. तो बंदिस्त म्हणायचा का? माइकबद्दल माझ्या मनात काही नाही. तबल्याबद्दल अजून आहे.

पुढच्या जत्रेसाठी समितीची बैठक झाली. पालखीची वेळ महाजन बदलू देणार नाहीत आणि बदलायची गरजही नाही. सत्कार पालखी फिरत असताना किंवा दुसऱ्या दिवशी महाप्रसादाला घ्यावेत, असे मी लिहून दिले आहे. पालखी परतल्यावर दहा मिनिटांत नांदी झाली तर तीन अंक बाराच्या आत बसतात, दुसऱ्या अंकातला एक प्रवेश कापून. नाटक मंडळी प्रवेश कापायला तयार आहेत. देणगीदारांना कोणी सांगायचे, यावर बैठक पुढे ढकलली आहे.