एवढं पान होऊ दे

मंगळवार, २६ मे

दोन दिवस झाले तरी थोरल्याचे ते दोन शब्द मनातून जात नाहीत, म्हणून आज दोन्ही मुले झोपल्यावर स्वयंपाकघरातला दिवा लावून लिहायला बसले आहे. शब्द अगदी साधे होते. ‘तू वाच,’ एवढेच तो म्हणाला.

रविवारी सकाळी मी खिडकीच्या कट्ट्यावर पुस्तक घेऊन बसले होते. धाकटी अजून उठली नव्हती आणि चहाचा कप हातात गरम होता, म्हणजे आमच्या घरात क्वचितच जुळून येणारी ती वेळ होती. थोरला गॅलरीत मधुमालतीच्या वेलाखाली स्टुलावर बसला होता. बुलबुलाचे एक पिल्लू शनिवारीच घरट्यातून गेले होते आणि दुसरे काठावर येऊन बसले होते. त्याने हाक मारली, ‘आई, लवकर ये, ते पंख हलवतंय.’ मी म्हणाले, ‘आले रे, एवढं पान होऊ दे.’ ते पान खरोखरच अर्ध्याहून कमी उरले होते. ते संपवून मी उठले आणि गॅलरीच्या दारापर्यंत पोचले, तेव्हा तो वर पाहत नव्हता. ‘उडालं,’ तो म्हणाला आणि मी काही बोलण्याच्या आत पुढे म्हणाला, ‘तू वाच.’

तो रुसला असता तर मला कळले असते. त्याचा रुसवा मला पाठ आहे: खालचा ओठ पुढे येतो, पाठ फिरते, मग जेवणाच्या वेळी ताटातली भाजी बाजूला सारली जाते. रविवारी यातले काहीच झाले नाही. त्याने भाजी खाल्ली, धाकटीला उडण्याची गोष्ट दोनदा करून दाखवली, दुपारी माझ्याच मांडीवर डोके ठेवून झोपला. म्हणूनच ते शब्द अधिक लागले. त्यात तक्रार नव्हती, उलट एक समजूत होती. जणू आई अशी पान संपवून येते आणि तोपर्यंत गोष्ट होऊन गेलेली असते, हे त्याने कधीतरी आपल्या मनाशी ठरवून टाकले आहे. सात वर्षांच्या मुलाने आईशी इतके समजूतदार असू नये, असे मला वाटते.

त्या घरट्यासाठी त्याने किती केले होते, ते मला माहीत आहे. वेलाच्या बाजूच्या दोरीवर कपडे वाळत घालायचे नाहीत, कुंड्यांना पाणी घालायचे ते बुलबुलाच्या जोडीपैकी कुणी घरट्यावर नसताना, धाकटीने स्टुलावर चढायचे नाही, हे सगळे नियम त्याचे. कालनिर्णयच्या २६ एप्रिलच्या चौकोनात त्याने पेन्सिलीने तीन गोल काढले आहेत आणि ११ मेच्या चौकोनात दोन उघड्या चोची. तिसरे अंडे फुटलेच नाही. त्याबद्दल तो काही बोलला नाही आणि मीही बोलले नाही. २४ मेचा चौकोन अजून कोरा आहे. आज सकाळी दुधाचा हिशेब लिहिताना माझी नजर तिथे गेली आणि पेन्सिल हातात असूनही मला त्यात काही काढावेसे वाटले नाही. तो चौकोन माझा नाही.

मला राहून राहून हे सलते की मी वाचत काय होते, तर ‘ऋतुचक्र’. बाराही मराठी महिन्यांवर एकेक लेख लिहून दुर्गाबाई भागवतांनी आपल्या दाराशी येणारा ऋतू डोळे उघडून पाहायला शिकवला, आणि त्याच पुस्तकातले पान संपवण्यासाठी मी माझ्या दाराशी आलेला ऋतू जाऊ दिला. दुसरे कुठले पुस्तक असते तर कदाचित इतके लागले नसते.

यंदा गुढीपाडव्याला मी ठरवले होते की ज्या महिन्याचा लेख त्याच महिन्यात वाचायचा. चैत्रात चैत्र, वैशाखात वैशाख. इतके साधे व्रत पाळता येऊ नये, याचे मला फार वाईट वाटले. पिंपळाची गुलाबी पालवी पुस्तकात वाचली तेव्हा कोपऱ्यावरच्या पिंपळाची पाने हिरवी होऊन जून झाली होती. वैशाखाचा लेख वैशाख अमावास्या उलटून गेल्यावर उघडला. एके काळी कऱ्हाडच्या घरी माळ्यावर बसून मी मे महिन्यात दिवसाला एक पुस्तक संपवीत असे, आणि जेवायला खाली ये म्हणून आई तीन वेळा हाक मारीत असे. आता मार्चपासून एकच पुस्तक, तेही वीस-वीस मिनिटांनी, एका कानाने न्हाणीघरातल्या बादलीचा आवाज ऐकत. ती वीस मिनिटे माझी आहेत आणि ती मागताना मला दर वेळी उसने मागितल्यासारखे वाटते. हे नाशिकहून पंधरा दिवसांनी येतात तेव्हाही. असो.

रविवारी रात्री मला स्वतःची इतकी कीव आली की पुस्तक कपाटात मागच्या बाजूला ठेवून द्यावे आणि मुले मोठी झाल्यावर काढावे, असे ठरवले होते. ठेवण्याआधी सहज पुढची पाने चाळली.

प्रत बाबांची आहे. १९७५ साली कऱ्हाडला साहित्य संमेलन झाले, दुर्गाबाई अध्यक्ष होत्या, आणीबाणीचे दिवस होते, आणि जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करावी असे त्यांनी व्यासपीठावरून सांगितले. बाबा तेव्हा कॉलेजात होते आणि मांडवात मागे उभे होते. हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितले होते की मीच तिथे होते असे मला वाटते. पुढे त्यांनी हे पुस्तक घेतले आणि चैत्राच्या लेखात पानोपानी पेन्सिलीच्या खुणा केल्या. वैशाखातही आहेत. ज्येष्ठात तुरळक. श्रावणानंतर पाने स्वच्छ आहेत. उरलेले महिने बाबांना तितकेसे आवडले नसावेत, असे मी आजवर समजत होते. रविवारी प्रथमच वाटले की कदाचित ते वाचायचेच राहिले असतील. आम्ही तिघे होतो, आणि त्या घरात दोन खोल्या होत्या. विचारायला आता उशीर झाला आहे. त्यांनी मात्र पुस्तक कपाटात मागे ठेवले नव्हते, ते कायम उशाशी असे.

मग मीही ते ठेवले नाही.

काल सकाळी कालनिर्णय पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मेपासून १५ जूनपर्यंत. चंद्राचे बारा महिने साधारण ३५४ दिवसांत संपतात, सूर्याच्या वर्षाला ३६५ लागतात, आणि हे अंतर साठत साठत एका महिन्याएवढे झाले की पंचांगात एक महिना जास्तीचा धरतात. लहानपणी धोंड्याचा महिना म्हणजे अनारसे एवढेच मला माहीत होते. दुर्गाबाईंच्या पुस्तकात या महिन्याचा लेख नाही. म्हणजे माझ्या हाती एक आख्खा महिना असा आहे की ज्यात वाचायचे काही नेमून दिलेले नाही आणि मागे राहिलेला वैशाख संपवता येईल. हे कळले तेव्हा मला खरोखर हायसे वाटले. इतके हजारो वर्षांचे गणित, त्यातही कुणीतरी मागे पडते आणि त्याच्यासाठी जागा करावी लागते.

तरीही ‘तू वाच’ राहिलेच आहे. त्याला विचारावे, असे दोन दिवस वाटत होते, पण काय विचारणार? तुला वाईट वाटले का, असे विचारले तर तो नाही म्हणेल, आणि मला बरे वाटावे म्हणून नाही म्हणेल.

आज संध्याकाळी मी वैशाखाच्या शेवटच्या पानांवर होते. गॅलरीतून हाक आली नव्हती. पण तो उठून कठड्याशी गेलेला मला दिसला, आणि समोरच्या शेवग्यातून तीच चिरचिर ऐकू आली जी गेले दोन आठवडे आम्ही वेलातून ऐकत होतो. मी पानात बोट ठेवून उठले आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. शेवग्याच्या फांदीवर आखूड शेपटीचे एक पिल्लू चोच वासून बसले होते आणि मोठा बुलबुल त्याला भरवीत होता. उडून गेल्यावरही त्यांना भरवावे लागते, हे मला ठाऊक नव्हते. थोरल्याला रविवारपासून ठाऊक होते.

त्याने माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिले. ‘पान झालं?’

‘नाही झालं,’ मी म्हणाले.

तो काही बोलला नाही. कठड्यावरचा हात थोडा सरकवून त्याने मला जागा दिली, आणि दुसरे पिल्लू पानांआड कुठे बसले आहे ते बोटाने दाखवू लागला. मला ते बराच वेळ दिसले नाही. तो दाखवीत राहिला.