मागे उभी राहणारी इंटर्न

"अमेरिकेत तू नक्की कसली गं डॉक्टर?" घरून फोन आला की हा प्रश्न ठरलेला. तर मी हॉस्पिटलिस्ट. ओपीडी नाही, स्वतःचा दवाखाना नाही. ॲडमिट असलेले पेशंट तेवढे माझे. सात दिवस ड्युटी, सात दिवस सुट्टी. (त्यातली निम्मी सुट्टी झोपण्यात जाते, हे कुणाला पटत नाही.) 'हॉस्पिटलिस्ट' हा शब्दही तसा नवाच, १९९६ सालचा.

माझा जीव रमतो तो मात्र शिकवण्यात. जुलै उजाडला की नवे इंटर्न येतात, कोट कडक आणि चेहरे भेदरलेले.

एका राऊंडला सत्तरीचे कृष्णवर्णीय आजोबा होते, न्यूमोनियाचे. बोटावरचा ऑक्सिमीटर ९४ दाखवत होता. सिनियर रेसिडेंट म्हणाला, "उद्या घरी सोडू." मागे उभी असलेली इंटर्न आजोबांकडे एकटक बघत होती. मी विचारलं, "तुला काय दिसतंय?" ती गप्प. मीही गप्प. पूर्वी मला हे जमत नसे, तीन सेकंदांत मीच उत्तर देऊन मोकळी व्हायचे. शेवटी ती पुटपुटली, "त्यांचं वाक्य एका दमात पुरं होत नाहीये."

धमनीतलं रक्त तपासलं. ऑक्सिजन ८६.

या यंत्राचा प्रकाश कातडीतून जातो आणि गडद रंगावर ते चुकू शकतं. २०२० साली मिशिगनच्या डॉक्टरांनी हे आकड्यांत मांडलं: यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात प्रत्यक्षात ८८ पेक्षा कमी निघण्याचं प्रमाण गोऱ्यांत ३.६ टक्के, कृष्णवर्णीयांत ११.७. तिथेच कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या हे सांगितलं.

नंतर तिला विचारलं, आधी का नाही बोललीस? "माझे उच्चार ऐकून लोक हसतात." माझ्या पहिल्या वर्षी एका सिनियरनं सगळ्यांदेखत मला 'आधी इंग्रजी शिकून ये' म्हटलं होतं. त्यानंतर कित्येक महिने मी राऊंडला शेवटच्या रांगेत.

मागे राहणाऱ्यांनाही सामावून घेणं, इथे याला 'इन्क्लूजन' म्हणतात. त्याच्या कमिट्या आहेत, ऑनलाइन कोर्स आहेत. एका कमिटीत मी दोन वर्षं काढली, भरपूर कॉफी प्यायले. माझ्या टीमपुरता नियम मी त्या आजोबांनंतर केला: आधी इंटर्ननं बोलायचं, मग सिनियरनं, सगळ्यात शेवटी मी.

यंदाच्या जुलैत तीच मुलगी सिनियर म्हणून माझ्या टीमवर आली. मागे उभ्या असलेल्या पोराला तिनं प्रश्न विचारला आणि थांबली. थांबलीच. न राहवून मी तोंड उघडलं, तर माझ्याकडे न बघताच तिनं मला हातानं गप्प केलं.